कोलवाळला आपला माणूस आत असेल तर: नातेवाईकांनी एकत्र येऊन दाद मागण्याचा क्रम

गोव्यात कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगाबाहेर मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्यांमध्ये थोडा वेळ बसा, तक्रारींना तोटा नसतो. जामीन होऊनही माणूस आतच आहे, गोमेकॉतली (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातली) तपासणीची तारीख हुकली, वकील कोण तेच ठाऊक नाही. मग चार घरं एकत्र येतात, कोणीतरी म्हणतं, ‘चला, मुख्यमंत्र्यांना निवेदन देऊया.’ निवेदन दिलं जातं, फोटो पेपरात येतो आणि प्रकरण तिथेच विझतं. लोक मेहनत कमी घेतात असं नाही. शेवटचं काम आधी करतात. निवेदन या लेखात सातव्या टप्प्यावर आहे आणि पेपरवाले त्याच्याही नंतर. आधीची सहा कामं करायला कंटाळा येतो, पण खरं बळ त्यांच्यातच आहे.

अपवाद एकच, तो आधी सांगून टाकावा. आत मारहाण झाली असेल किंवा माणूस गंभीर आजारी असेल, तर क्रम बाजूला ठेवा. त्याच दिवशी वकिलामार्फत संबंधित कोर्टात वैद्यकीय तपासणीसाठी लेखी अर्ज करा. कोठडीत मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६) आणि शक्य असेल तिथे नातेवाईकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यावं लागतं. तेव्हा घरच्यांचं नाव, पत्ता आणि फोन तुरुंगाच्या नोंदीत बरोबर आहे ना, हे आजच पाहून घ्या.

टप्पा १: आधी आतल्या माणसाला विचारा

बाहेर बोलणार तुम्ही, पण त्याचे परिणाम सोसायचे त्याला. म्हणून त्याच्या होकाराशिवाय त्याचं नाव, त्याचा आजार, त्याची तक्रार कुठल्याही कागदावर येता कामा नये. मुलाखतीत तीनच प्रश्न विचारा: हे काम काढावं का, नाव द्यायचं का, आणि कागदावर सही करशील का. तक्रारीचा तपशील तिथे उगाळू नका, आजूबाजूला ऐकणारे असतात.

होकार मिळाला की साधं अधिकारपत्र करून घ्या: ‘माझ्या खटल्याची, आरोग्याची व तुरुंगातील नोंदींची माहिती मागण्यास व माझ्या वतीने अर्ज करण्यास मी माझी बहीण अमुक हिला अधिकार देत आहे.’ वकीलपत्र जसं तुरुंग अधीक्षकांमार्फत आत जातं आणि सही साक्षांकित होऊन बाहेर येतं, तसंच हेही न्या. हा कागद हाती नसला की पुढे प्रत्येक टेबलावर ‘तुम्ही कोण?’ हे ऐकावं लागतं.

सावधान: आतून चोरून आलेली चिठ्ठी किंवा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ वापरायचा नाही, कितीही सणसणीत असला तरी. तुरुंगात मोबाइल असणं हाच गुन्हा. तुमचा पुरावा उद्या त्याच्याच अंगावर नवा खटला म्हणून येईल.

तो ‘नको’ म्हणाला तर त्याची फाइल बाजूला ठेवा. सगळ्यांच्या सामायिक कामात तुम्ही तरीही राहू शकता.

टप्पा २: घरं जोडा, गावात बैठक नको

सुरुवातीला चार-पाच घरं पुरेत. पेडण्याचं एक, डिचोलीचं एक, सासष्टीतलं एक, असं विखुरलेलं असलं तर उत्तमच. बैठक कोणाच्याच वाड्यावर ठेवू नका, कारण शेजाऱ्यांना कळण्याच्या धास्तीने निम्मी माणसं येतच नाहीत. म्हापशाला शुक्रवारी भेटा. शुक्रवारी म्हापशाला का गेलात, असं कोणी विचारत नाही. दक्षिणेतल्यांना मडगाव सोयीचं. एखाद्या देवळाच्या अग्रशाळेत तासभर बसायला मिळालं तर आणखी काय हवं?

पहिल्याच बैठकीत दोन नियम ठरवा. गुन्हा काय, कोणी केला, खरा की खोटा यावर चर्चा करायची नाही. चोरीवाल्याची आई आणि खुनाच्या खटल्यातल्याची बायको एकाच बाकावर बसल्या की कुजबुज सुरू होते आणि गट फुटतो तो तिथेच. दुसरा नियम पैशांचा: वकिलाच्या फीसाठी सामायिक वर्गणी काढायची नाही. झेरॉक्स, टपाल, बसभाडं यापुरतेच पैसे, एका वहीत लिहून, दोघांच्या सहीने. ‘आत माझी ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणारा एजंट बैठकीत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

व्हॉट्सॲपचा गट काढाल तर तो तारखा आणि वेळा कळवण्यापुरता. कागदांचे फोटो तिथे नकोत. सुटून आलेली माणसं आवर्जून घ्या, आतला दिनक्रम त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसतो. मात्र जामिनावर असलेल्याने आधी आपल्या जामिनाच्या अटी वाचाव्यात. काहींना तालुक्याबाहेर जायची किंवा ठरावीक लोकांना भेटायची मनाई असते.

सावधान: फिर्यादी, पीडित किंवा साक्षीदार यांच्या घरी गटातल्या कोणीही जायचं नाही, समजुतीसाठीसुद्धा नाही. साक्षीदारावर दबाव हे जामीन रद्द होण्याचं नेहमीचं कारण आहे. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांना खासगी पत्रही लिहायचं नाही.

टप्पा ३: एका माणसाचं एक पान

प्रत्येक कैद्यासाठी एक पान करा, हाताने लिहिलेलं चालेल. त्यावर हवं ते असं: पूर्ण नाव (तुरुंगाच्या नोंदीत आहे त्याच स्पेलिंगने), पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख, कोणत्या कोर्टात खटला, सीएनआर क्रमांक, आरोपपत्र दाखल झाल्याची तारीख, पुढची तारीख, वकिलाचं नाव, जामिनाचे अर्ज आणि त्यांचे निकाल, दुसरा एखादा खटला आहे का, आजार आणि चालू औषधं.

सीएनआर हा सोळा अक्षरांचा-अंकांचा क्रमांक. तो एकदा मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते, कोर्टात जाऊन शिपायाला विचारत बसावं लागत नाही. तो नसेल तर गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्यावरून शोधता येतो.

दोन तारखांखाली लाल रेघ मारा: अटक आणि आरोपपत्र. ६० दिवसांत, किंवा फाशी, जन्मठेप वा दहा वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. पण अर्ज आरोपपत्र येण्याआधी पडावा लागतो. एक दिवस उशीर झाला की तो हक्क संपला. अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत ही मुदत १८० दिवसांची आहे.

तपासणी: पान दुसऱ्या घरच्या माणसाला वाचायला द्या. त्याला न विचारता सगळं कळलं तर पान तयार आहे.

टप्पा ४: तक्रारींचे ढीग करा

पानं समोर ठेवून तक्रारी वेगळ्या करा. खटल्याच्या तक्रारी (जामीन, तारखा, वकील) कोर्ट आणि (मोफत वकील देणाऱ्या) विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात. तुरुंगातल्या तक्रारी (डॉक्टर, मुलाखत, पाणी, जेवण) अधीक्षक आणि तुरुंग महानिरीक्षकांकडे. उरलेल्या पोलिसांच्या, उदाहरणार्थ कोर्टात किंवा इस्पितळात न्यायला एस्कॉर्ट न मिळणं. तिन्ही एका कागदावर लिहिल्या की प्रत्येक कार्यालय म्हणतं, हे आमचं नव्हे. आणि त्याचं म्हणणं खोटंही नसतं.

गोव्यात इथे एक चूक ठरलेली. तुरुंग बार्देशात, म्हणून मडगावच्या खटल्यातली घरंही उत्तर गोव्याच्या प्राधिकरणात खेपा घालतात. खटला मडगावच्या कोर्टात असेल तर वकिलासाठी दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तुरुंगातल्या सोयीसुविधांचा प्रश्न असेल तर मात्र सासष्टीच्या माणसालाही उत्तरेकडेच यावं लागतं.

टप्पा ५: जे हक्कानेच मिळायचं ते आधी मिळवा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. मोठी मागणी करण्याआधी दोन-तीन माणसं नियमाप्रमाणे बाहेर आली तर गटाला जो धीर येतो तो दहा भाषणांनी येत नाही.

*वकील.* विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट त्याला नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत रांग लावण्याची म्हणूनच गरज नाही. हेल्पलाइन १५१००. आधीचा खासगी वकील असेल तर त्याच्याशी सरळ बोलून मोकळं व्हा. दोन वकीलपत्रांचा घोळ कोर्टात निस्तरताना महिना जातो.

*जामीन झाला, पण सुटका नाही.* गोव्यात हे परगावच्या मजुरांच्या बाबतीत फार दिसतं. हमीदार कारवारचा किंवा त्याहूनही लांबचा, आणि मागणी स्थानिक हमीदाराची. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यासंबंधी सूचना दिल्या आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात हमी भरता आली नाही तर अटी सैल करता येतील का, हे कोर्टाने स्वतःहून पाहायचं. स्थानिक हमीदाराची अट घालू नये, असंही त्यात सुचवलं आहे. म्हणून आदेशाची तारीख पानावर लिहा, आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांना दोन ओळींचं पत्र द्या: ‘अमुक तारखेला जामीन मंजूर, आज आठवा दिवस, सुटका नाही, कारण हमीदार नाही.’

पैशामुळेच अडलं असेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. ती २०२३ साली आली तेव्हा कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरली होती. सध्याचा आकडा प्राधिकरणात विचारून घ्या. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, तुरुंग अधीक्षक आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश यांची समिती निर्णय घेते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, यूएपीए आणि भ्रष्टाचाराच्या खटल्यांना ही योजना लागू नाही. अमली पदार्थांच्या खटल्यातलं घर गटात असेल तर त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर आशा लावून बसतात.

*दिवस मोजा.* नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की आधी कधीही कुठल्या गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. बाकीच्यांना निम्म्या काळानंतर जामीन, तो लांबवायचा असेल तर कोर्टाने कारणं लिहायची. उदाहरणार्थ, भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या ३१८(४) कलमाला कमाल सात वर्षं आहेत. आधी कधी शिक्षा झाली नसेल तर दोन वर्षं चार महिने, झाली असेल तर साडेतीन वर्षं. आरोपीमुळेच लांबलेला काळ यातून वजा होतो. हा अर्ज कोर्टात लेखी करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे, तेव्हा तारीख भरली की आठवण त्यांना करा आणि प्रत वकिलाला द्या. ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, त्यापूर्वीच्या खटल्यांनाही हे कलम लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

सावधान: फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला हे कलम लागत नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी अडतं. ‘दुसरा खटला आहे का’ हा रकाना पानावर ठेवला तो याचसाठी.

शिक्षा झालेल्यांच्या पॅरोल-फर्लोचा (तुरुंगातून मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेचा) मार्ग वेगळा, तो गोवा कारागृह नियमांवर चालतो. तिथे अर्ज पोलिसांच्या अहवालावर अडतो. अर्जात दिलेल्या पत्त्यावर पोलीस चौकशीला आले की घरी माणूस असला पाहिजे, एवढं सांभाळा.

टप्पा ६: माहिती अधिकारात कागद मागा

आता सामायिक प्रश्न. उदाहरणादाखल गोमेकॉतल्या हुकणाऱ्या तारखा घेऊ. ‘कैद्यांना इस्पितळात का नेत नाही?’ असा अर्ज केलात तर उत्तर येईल, ‘ही माहिती अभिलेखात नाही.’ माहिती अधिकारात ‘का’ विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. असं लिहा:

‘१. गेल्या सहा महिन्यांत कैद्यांना बाहेरच्या इस्पितळात तपासणीसाठी दिलेल्या तारखांची महिनावार संख्या. २. त्यांपैकी प्रत्यक्ष नेलेल्यांची महिनावार संख्या. ३. याच काळात पोलीस एस्कॉर्टसाठी पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती. ४. वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं आणि आज भरलेली पदं.’

अर्ज तुरुंग खात्याच्या माहिती अधिकाऱ्याला, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण ते कारण अर्जातच ठळक लिहावं लागतं आणि ते खरं असावं लागतं. कैद्यांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज अडकेल. स्वतःच्या माणसाची नोंद हवी असेल तर वेगळा अर्ज करा, सोबत पहिल्या टप्प्यातलं अधिकारपत्र जोडा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्यानंतर पणजीत राज्य माहिती आयोग.

टप्पा ७: निवेदन, एका पानाचं

एक मागणी, आणि ज्याच्या सहीने ती पूर्ण होते त्याच्याच टेबलावर. मुख्यमंत्री, राज्यपाल, महिला आयोग अशी दहा नावं वर लिहिलेलं निवेदन कोणाचंच नसतं. इस्पितळाच्या तारखांसाठी ते तुरुंग अधीक्षकांना, प्रत महानिरीक्षकांना आणि एस्कॉर्ट देणाऱ्या पोलीस अधीक्षकांना. बस्स.

पहिल्या परिच्छेदात तथ्य: ‘आपल्याच कार्यालयाच्या माहितीनुसार सहा महिन्यांत इतक्या तारखा मिळाल्या, त्यांपैकी इतक्याच पाळल्या गेल्या.’ दुसऱ्यात नियम. तिसऱ्यात मागणी, मोजता येईल अशी: ‘इस्पितळाच्या तारखांची यादी दर आठवड्याला पोलिसांकडे पाठवावी, आणि हुकलेली तारीख किती दिवसांत पुन्हा मिळेल ते नातेवाईकांना लेखी कळवावं.’ ‘योग्य ती कारवाई करावी’ हे वाक्य खोडून टाका. त्यावर ‘योग्य ती कारवाई केली’ एवढंच उत्तर येतं.

राजभाषा कोंकणी असली तरी सरकारी कामात मराठीलाही जागा आहे, त्यामुळे मराठीत लिहायला संकोच नको. कागद पुढे वकिलाकडे किंवा उच्च न्यायालयात जाणार असेल तर इंग्रजी प्रत सोबत ठेवा.

देताना दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘साहेब आले की मारून देतो’ म्हणाले तर साहेब येईपर्यंत तिथेच बसा. तिघांनीच जा, आणि त्यातली एक तरी बाई अशी असू द्या जिला आपलं पान तोंडपाठ आहे.

तपासणी: पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, जुना आवक क्रमांक टाकून. महिन्याने दुसरं.

टप्पा ८: उत्तर आलं नाही तर

गोवा मानवी हक्क आयोग पणजीत आहे, तिथे तक्रारीला शुल्क नाही. घटना एका वर्षाच्या आतली हवी. इथली नेहमीची चूक म्हणजे जोर यावा म्हणून तीच तक्रार दिल्लीच्या आयोगालाही पाठवणं. एका आयोगापुढे प्रकरण असलं की दुसरा ते हातात घेत नाही, आणि तुमचा कागद दोघांच्या मध्ये लोंबकळतो. एकच निवडा.

दुसरी वाट विधानसभेची. एलएक्यूचं (विधानसभेत आमदाराने विचारलेल्या प्रश्नाचं) महत्त्व गोंयकाराला वेगळं सांगायला नको. सरकारला आकडा लेखी आणि सभागृहासमोर द्यावा लागतो. आपल्या आमदाराकडे अधिवेशनाच्या बरंच आधी जा, पावसाळी अधिवेशन सहसा मोठं असतं. प्रश्न तयार मसुद्यातच द्या, माहिती अधिकारात मागितलेलेच मुद्दे प्रश्नाच्या रूपात. आमदाराला हकीकत सांगत बसलात तर तो सहानुभूती देईल आणि प्रश्न राहून जाईल. विरोधी बाजूचाच आमदार हवा असं काही नाही. सत्ताधारी आमदाराचा अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) प्रश्नही तितकाच लेखी असतो.

हे सगळे कागद हाती आल्यावर पर्वरीला उच्च न्यायालयात जनहित याचिकेचा विचार करा, तोही विधी सेवा समितीमार्फत. आवक शिक्क्याची निवेदनं, स्मरणपत्रं, माहिती अधिकाराची उत्तरं असतील तर वकिलाला पहिल्याच दिवशी काम सुरू करता येतं.

टप्पा ९: पत्रकार

आकडे आणि शिक्के हातात आल्यावरच. बोलायला एकच माणूस ठरवा. कैद्यांची नावं, फोटो, खटल्याचा तपशील द्यायचा नाही. लैंगिक गुन्ह्याचा किंवा बालकाचा खटला असेल तर पीडितेची ओळख पटेल असा शब्दही कायद्याने गुन्हा ठरतो. तुरुंगासमोर उभं राहून फोटो काढू नका. ‘अधिकारी क्रूर आहेत’ हे बातमीत एक दिवस टिकतं. ‘इतक्या तारखांपैकी इतक्याच पाळल्या’ याला खात्याला उत्तर द्यावं लागतं.

मागणी मान्य झाली असं तोंडी कळलं तर परिपत्रकाची किंवा आदेशाची प्रत मागा. त्यानंतरच्या मुलाखतीत प्रत्येक घराने आतल्या माणसाला एकच गोष्ट विचारायची: या महिन्यात इस्पितळात नेलं का? उत्तरं वहीत तारखेसह लिहा. तीन महिने ही नोंद नीट राहिली की मगच दुसरी मागणी घ्या. मधल्या काळात नवं घर आलं तर त्याला थेट निवेदनाच्या कामाला लावू नका, आधी त्याचं पान भरून घ्या.